रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि लिंगोची कथा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात टेंपल रोड नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर हिस्लॉप कॉलेज आहे. विदर्भ-महाकोशलातील कित्येक पिढ्या या कॉलेजात शिकल्या. तथापि ही दोन नावे एकमेकांशेजारी यावीत यामागे एका स्नेहाची आणि एका अपघाती मृत्यूची हकीकत आहे, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते, शिक्षक होते आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांच्या चरित्राकडे आमचे लक्ष मात्र यांपैकी कोणत्याही एका कारणाने वेधले गेले नाही. आम्ही बालाघाटचे. आमच्या शाळेत बैहर तहसिलीतून येणारी गोंड मुले बसतात. त्या मुलांच्या पूर्वजांची कथा प्रथम विस्ताराने कागदावर उतरविणारा मनुष्य कोण, असा प्रश्न आम्ही स्वतःला केला आणि त्या प्रश्नाने आम्हांस हिस्लॉप यांच्या दाराशी आणून सोडले.

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन आढळते. एक भक्तांचे, ज्यात त्यांच्या हातून चूक म्हणून घडतच नाही. दुसरे विरोधकांचे, ज्यात धर्मांतरापलीकडे त्यांना काही हेतूच उरत नाही. या दोन्ही वाटा टाकून, एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचे काम तपासावे त्या दृष्टीने हा लेख आम्ही लिहीत आहो.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यात, डन्स या गावी झाला. वडिलांचा व्यवसाय बांधकामाचा होता. दगडाशी ओळख घरातच झाली असे म्हणावयास हरकत नाही. एडिंबरो आणि ग्लासगो येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. थॉमस चाल्मर्स यांच्यासारख्या प्रभावी धर्मोपदेशकाच्या हाताखाली त्यांनी ईश्वरविद्येचा अभ्यास केला. १८४३ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चच्या कारभारात जमीनदारांचा व सरकारचा हात असू नये या तत्त्वासाठी शेकडो पाद्र्यांनी आपल्या चाकऱ्या व राहती घरे सोडून फ्री चर्च स्थापन केले. हिस्लॉप या नव्या चर्चचे होते. तत्त्वासाठी पोटावर पाणी सोडणाऱ्या माणसांच्या संगतीत त्यांचे तारुण्य गेले, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील आयुष्यातील त्यांची चिकाटी आणि त्यांचा कर्मठपणा या दोहोंचा उगम सापडतो.

नागपूरचे मिशन सुरू झाले ते मद्रास फौजेतील एका अधिकाऱ्याने दिलेल्या देणगीतून. १८४४ साली हिस्लॉप यांना दीक्षा मिळाली, त्याच वर्षी एरॅस्मा हल यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि वर्ष संपता संपता हे जोडपे मुंबईस उतरले. १८४५ च्या आरंभी ते नागपूरला पोहोचले. मुंबईहून नागपूरला आगगाडी आली ती १८६७ साली. म्हणजे हा सारा प्रवास खडतर वाटांनी करावा लागला. नागपूर त्या वेळी तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे होते. शेजारी कामठीस कंपनी सरकारची मद्रासी फौज असल्याने तेथे तमिळ व तेलुगू बोलणाऱ्यांची वस्ती, शहरात मराठी, दरबारी कागदांवर मोडी, उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी, आणि आसपासच्या डोंगरांत गोंडी. नव्याने आलेल्या परदेशी शिक्षकास भाषांचा असा बाजार क्वचितच दुसरीकडे भेटला असता. हिस्लॉप यांनी प्रथम मराठी हाती घेतली, कारण शिकवावयाचे ते मराठी मुलांना.

१८४६ साली नागपूर शहरात त्यांची शाळा सुरू झाली आणि पुढील वर्षी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. मुलींच्या शिक्षणात मिसेस हिस्लॉप यांनी लक्ष घातले. नव्या पद्धतीच्या शिक्षणाचा नागपुरातील हा अगदी आरंभीचा काळ होय. मुले येत, ती इंग्रजीच्या ओढीने. शिक्षक होता, तो बायबलच्या ओढीने. या दोन ओढींची दिशा एक नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. पालकांनी इंग्रजी घ्यावी आणि बायबल सोडून द्यावे. शिक्षकाने इंग्रजी द्यावी आणि बायबलही मनात रुजवावे, असा हा अव्यक्त झगडा होता. शाळा सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत तोच एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा प्रकट केली. राजसत्तेने त्याला अटकेत ठेवले. शहरात क्षोभ झाला आणि शाळेतील मुलांची संख्या रोडावली.

येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. आईबापांनी मूल शाळेत पाठविले, ते विश्वासाने. त्या विश्वासाचा उपयोग मुलाचा धर्म पालटण्यासाठी करावा काय, हा प्रश्न त्या वेळी नागपूरकरांनी विचारला आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. हिस्लॉप यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की, त्यांनी आपला हेतू कधी लपविला नाही. शाळा ख्रिस्ती आहे आणि तीत बायबल शिकविले जाईल, हे ते उघडपणे सांगत. लपवून केलेल्या उपदेशापेक्षा उघड केलेला उपदेश बरा, असे आमचे मत आहे. परंतु आमची मुले त्या शाळेत असती तर आम्हीही ती त्या दिवशी घरी ठेवली असती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमांतून ख्रिस्ती झालेल्यांची संख्या थोडीच राहिली. मिशनऱ्याच्या खातेवहीत हा तोटा होय. शिक्षकाच्या खातेवहीत मात्र वेगळी जमा आहे, आणि ती पाहावयाची तर त्यांच्याबरोबर शाळेच्या भिंतीबाहेर पडले पाहिजे.

उपदेशासाठी हिस्लॉप गावोगाव हिंडत. हिंडता हिंडता त्यांचे डोळे पायाखालच्या दगडांकडे जात. १८५१ साली नागपूरजवळील टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे अवशेष सापडले. पुढे त्याच ठिकाणी फळे, बिया आणि कीटकांचे पंखही मिळाले. या शोधाचे महत्त्व साध्या शब्दांत असे सांगता येईल : आपल्या दख्खनचा काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला रस. दोन रसांच्या मध्ये तळ्यातील प्राण्यांचे अवशेष सापडतात, याचा अर्थ हा रस एका दमात ओतला गेला नाही. एक रस थिजला, त्यावर पाणी साचले, तळी झाली, झाडे वाढली, किडे उडाले, आणि मग पुन्हा अग्नी आला. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भरचनेवर लिहिलेला निबंध १८५० नंतरच्या काही वर्षांतच लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या विख्यात शास्त्रज्ञाने केले. एका खनिजाला हिस्लॉप यांचे आणि दुसऱ्याला हंटर यांचे नाव मिळाले.

कामठीच्या आसपासच्या वालुकाश्मांत त्यांना ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. हीच पाने पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथेही सापडली, आणि हे सारे भूभाग एके काळी एकत्र होते या सिद्धान्ताला त्यांचा मोठा आधार मिळाला. त्या प्राचीन भूखंडाला ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ साली जे नाव दिले ते गोंडवनाच्या नावावरून. जगातील प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात आज गोंडवनभूमी आहे. मात्र ज्यांच्या नावावरून ती ओळखली जाते त्या गोंडांविषयी चार वाक्ये त्या पुस्तकांत सापडत नाहीत. आमच्या वर्गात हा धडा शिकविताना बैहरकडचा एखादा विद्यार्थी आपल्या जातीचे नाव पुस्तकात पाहून मान वर करतो. पुढच्याच ओळीत धडा पाषाणांकडे वळतो आणि त्याची मान पुन्हा खाली जाते. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

हिस्लॉप यांच्याविषयी आम्हांस आदर वाटतो तो याचसाठी की, ते पाषाणांशी थांबले नाहीत. गोंडांकडे जाण्याची मिशनऱ्यांची ओढ त्यांच्याही पूर्वीची होती. १८४१ च्या सुमारास काही जर्मन मिशनरी अमरकंटकाजवळ करंजिया येथे गोंडांत राहावयास गेले होते. थोड्याच काळात पटकीने त्यांच्यापैकी चौघांचा बळी घेतला आणि ते काम मोडले. हिस्लॉप यांच्या मनात गोंडांचा विषय सतत होता. प्रवासात भेटणाऱ्या निरनिराळ्या वन्य जमातींची नावे, चालीरीती, देव आणि विशेषतः शब्द ते टिपून ठेवीत. एकाच वस्तूला निरनिराळ्या जमाती काय म्हणतात याच्या याद्या त्यांनी केल्या. रॉबर्ट कॉल्डवेल यांचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ साली प्रसिद्ध झाले आणि गोंडी ही तमिळ-तेलुगूच्या कुळातील भाषा होय हे विद्वानांच्या चांगले ध्यानात आले. मराठी आणि हिंदीच्या मधोमध, सातपुड्याच्या कुशीत द्राविडी भाषा नांदते आहे ही गोष्ट तेव्हाच्या विद्वानांस नवलाची वाटली. आम्हां बालाघाटकरांच्या ती रोजच्या बाजारात कानांवर पडते.

शब्दांच्या याद्यांपेक्षा मोलाची गोष्ट पुढेच आहे. गोंडांच्या वंशकथा सांगण्याचा मान परधानांचा. परधान हा गोंडांचा भाट, पुरोहित आणि वंशावळी राखणारा. मंडला भागात बाना आणि यवतमाळ-आदिलाबादकडे किकरी हे त्याचे वाद्य. ते वाजवीत तो यजमान गोंडाच्या घरी कुळाची व देवांची गाथा गातो. एका परधानाच्या तोंडून हिस्लॉप यांनी लिंगोची गाथा उतरवून घेतली. मूळ गोंडी शब्द आणि त्यांखाली शब्दशः अर्थ, या पद्धतीने. लिहिणारा एकेश्वरवादी, कडव्या पंथाचा पाद्री आणि गाणारा परधान; आणि गाथेत तर पानोपानी देवदेवता. आपल्या श्रद्धेला न पटणारी कथा शब्द न् शब्द, गाणाऱ्याच्या क्रमाने लिहून घ्यावयाची म्हणजे केवढा संयम हवा! ज्याला सदैव बोलण्याची सवय आहे त्या उपदेशकाने येथे ऐकण्याचे व्रत घेतले.

ती कथा थोडक्यात अशी आहे. आदिकाळी गोंड जन्मले आणि धवलगिरीवर राहू लागले. त्यांच्या बेशिस्त खाण्यापिण्याने महादेव रुष्ट झाला. त्याने एक खार निर्माण करून सोडली. तिच्या पाठीमागे धावत गोंड एका गुहेत शिरले आणि महादेवाने गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा लोटली. चौघेच तेवढे बाहेर राहिले. ते पळून काचीकोपा लोहागडाच्या रानात लपले. इकडे पर्वतावर गोंडांचा वावर उरला नाही म्हणून पार्वतीचा जीव लागेना. तिने गोंडांसाठी तप मांडले. त्या तपाचे फळ म्हणून एका फुलातून लिंगो जन्मास आला. त्याने त्या चौघा भावांना शोधून काढले, त्यांना रान तोडून शेत करावयास शिकविले, आणि रिकाद गवाडी नावाच्या राक्षसाच्या घरून विस्तव आणला. तो चोरून नव्हे. त्याने भोपळ्याचे वाद्य असे काही वाजविले की म्हातारा राक्षस नाचू लागला आणि आपल्या सात मुली देण्यास कबूल झाला.

परंतु ज्यांना त्याने माणसांत आणले त्यांनीच पुढे त्याच्यावर संशय घेतला. त्या सात बहिणींनी लिंगोला मोहात पाडू पाहिले. तो बधला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्यावरच आळ घातला. भावांनी बायकांचे ऐकले आणि लिंगोला ठार केले, त्याचे डोळेही काढले. देवाने अमृत पाठवून त्याला उठविले. उठल्यावर त्याने सूड घेतला नाही; गुहेत कोंडलेल्या सोळा विसा गोंडांच्या शोधास तो निघाला. सूर्याला विचारले, चंद्राला विचारले, ताऱ्यांना विचारले. शेवटी महादेवाने घातलेले पण पुरे करण्यासाठी त्याने बिंदो पक्ष्याची पिले खाणाऱ्या नागाला मारले, आणि कृतज्ञ पक्ष्याने आपल्या प्रचंड पंखांवर त्याला महादेवापाशी आणले. शिळा सरली, गोंड बाहेर आले. वाटेत नदी दुथडी भरलेली. कासवाने त्यांना पाठीवर घेऊन पार नेले. लिंगोने त्यांचे गाव वसविले, त्यांच्या शाखा ठरविल्या, फर्सा पेनाची पूजा आणि परधानाचा मान लावून दिला, कासवाला दिलेले वचन पाळा असे बजावले, आणि तो दिसेनासा झाला.

या कथेत हिंदू पुराणांचा रंग मिसळला आहे हे उघड आहे. महादेव-पार्वती आल्या आहेत, अमृत आले आहे. गाणारा परधान नागपूरकडील असल्याने त्याच्या गाण्यात भोवतालच्या समाजाचे पडसाद उमटणे स्वाभाविकच होते. निरनिराळ्या प्रदेशांत लिंगोची कथा निरनिराळ्या रूपांत गायिली जाते. आदिलाबादच्या राजगोंडांमधील तिचे रूप फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी विसाव्या शतकात नोंदविले, ते हिस्लॉप यांच्या पाठापेक्षा पुष्कळ भिन्न आहे. तेव्हा हिस्लॉप यांचा पाठ म्हणजे गोंडांचे प्रमाण पुराण, असे मानणे चुकीचे ठरेल. तो एका परधानाचा, एका काळचा पाठ होय. त्याचे मोल वेगळेच आहे : आजपासून दीड शतकाहून अधिक काळापूर्वी ही कथा कशी गायिली जात होती हे आपणांस त्यावरून कळते. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या शिक्षकाला जाणवल्यावाचून राहत नाही. या गाथेचा नायक तलवार गाजविणारा राजा नाही. तो शेत शिकवितो, अग्नी आणतो, वाद्य वाजवितो आणि अंधारात कोंडलेल्यांना उजेडात आणतो. गोंडांनी आपला आदिपुरुष म्हणून एका गुरूला निवडले आहे.

१८५८ ते १८६० या काळात हिस्लॉप मायदेशी जाऊन परत आले. १८६१ साली नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा मुलूख मिळून मध्यप्रांत बनला आणि १८६२ साली रिचर्ड टेंपल हे त्याचे चीफ कमिशनर झाले. नव्या प्रांताची माहिती गोळा करण्याचा टेंपल यांना ध्यास होता, आणि ती माहिती पायी हिंडून मिळविलेला मनुष्य नागपुरातच होता. दोघांचा स्नेह जमला. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल यांच्या मुक्कामासोबत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस सुमारे वीस मैलांवरील टाकळघाट येथे गेले. तेथे अतिप्राचीन काळची शिलावर्तुळे आहेत. ती त्यांनी पाहिली. नंतर तेथील शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावर बसून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. पावसाचे दिवस, वाटेतल्या ओढ्याला पाणी चढले होते. मुक्कामावर घोडा आला, स्वार आला नाही. शोध घेतला तेव्हा त्यांचा देह पाण्यात सापडला. तो दिवस ४ सप्टेंबर १८६३ चा. आणखी चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षे पुरी झाली असती.

शिक्षकाच्या आयुष्यातील अखेरचे काम शाळा तपासण्याचे असावे, हे पाहून मन हेलावते. ज्या शिलावर्तुळांसाठी ते तेथे गेले होते त्यांचे उत्खनन पुढे १९६८-६९ साली डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने केले आणि विदर्भातील लोहयुगीन महापाषाण संस्कृतीवर प्रकाश पडला. म्हणजे ज्या जागी हिस्लॉप अखेरचे वाकून पाहत होते तेथे पाहण्यासारखे काही होते, याची खात्री शंभर वर्षांनंतर पटली.

हिस्लॉप यांच्या पश्चात त्यांची टिपणे अपुरी, विस्कळीत अशी मागे राहिली. ती तशीच वाळवीच्या स्वाधीन झाली असती. टेंपल यांनी ती जुळविली, त्यांना टीपा व प्रस्तावना जोडली आणि १८६६ साली मध्यप्रांतातील मूळ रहिवासी जमातींविषयीचे लेख या स्वरूपात प्रसिद्ध केली. लिंगोची गाथा या ग्रंथातच आहे. पुढे कॅप्टन फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या मध्य भारताच्या डोंगरांवरील पुस्तकात तिचे इंग्रजी पद्यरूप दिले. १८८३ साली कॉलेज स्थापन झाले, त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. मात्र ज्या परधानाने ती गाथा गायिली, त्याच्या नावाचा दगड कोठेही बसविलेला नाही. हिस्लॉप यांचे कर्ज आपण फेडले; त्यांच्या गुरूचे फेडावयाचे राहिले. गुरू हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो, कारण त्या बैठकीत शिकविणारा परधान होता आणि शिकणारा पाद्री.

आता आमच्या बालाघाटकडे वळू. हा जिल्हा बनला तोच १८६७ साली, म्हणजे हिस्लॉप यांच्या ग्रंथानंतर एका वर्षाने. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले; वैनगंगा मात्र दोहोंकडे वाहतेच आहे. हिस्लॉप यांनी घालून दिलेली ऐकून टिपण्याची रीत येथेही चालू राहिली. बैहरच्या पठारावर काम करणारे मिशनरी रे. लॅम्पर्ड यांच्या टिपणांचा उपयोग रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात बैगांविषयी लिहिताना केला. जेथे जर्मन मिशनरी मरण पावले त्याच करंजियास १९३२ साली व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे जाऊन राहिले. शामरावांनी परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका मराठी ख्रिस्ती माणसाने परधानांना आपल्या अभ्यासाचा विषय केले, याची नोंद आमच्या साहित्याच्या इतिहासात जितकी ठळक व्हावी तितकी झालेली नाही.

परंतु या सर्वांहून मोठी घटना आमच्या जिल्ह्यात १९१८ साली घडली. मुन्शी मंगलसिंह मसराम या गोंड गृहस्थांनी गोंडी भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आज ती मसराम गोंडी या नावाने ओळखली जाते आणि २०१७ साली संगणकाच्या आंतरराष्ट्रीय लिपिसंकेतांत तिला स्थान मिळाले. हिस्लॉप यांनी गोंडी शब्द रोमन अक्षरांत उतरविले. कारण त्यांना दुसरा मार्ग नव्हता. पंचावन्न वर्षांनी एका गोंडाने म्हटले की, आमच्या शब्दांना आमची अक्षरे असावीत. एकाने ऐकून लिहिले आणि दुसऱ्याने स्वतःच लेखणी उचलली. आमच्या मते शिक्षणाची परिणती दुसऱ्यातच आहे.

अलीकडच्या काळात तर हा प्रवास आणखी पुढे गेला आहे. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगड नावाची विशाल गुहा आहे. लिंगोने ज्या गुहेतून गोंडांना सोडविले ती हीच, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेला तेथे अनेक प्रांतांतून गोंडांचा मोठा मेळा भरतो. नागपूरचे मोतीरावण कंगाले यांनी पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेम या विषयावर गोंडांच्या दृष्टीने ग्रंथरचना केली. त्यांच्या मांडणीत महादेव-पार्वतीच्या हिंदू रूपाऐवजी गोंडांचा स्वतःचा शंभू आहे, कली कंकाली आहे, शिळा सारताना प्राण वेचणारा संगीतकार हिरासुका पाटालीर आहे. हिस्लॉप यांच्या पाठाशी ती जुळत नाही, आणि तिने जुळावे असा आग्रहही कोणी धरू नये. कथा ज्यांची आहे ते ती आता आपल्या तोंडाने सांगत आहेत.

असे असूनही आमच्या वर्गातील परिस्थिती समाधानाची नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लक्ष लोक होते. तरीही आपल्या घटनेच्या आठव्या परिशिष्टात गोंडीला स्थान नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना आपापल्या घरची एखादी जुनी गोष्ट लिहून आणावयास सांगितले होते. बैहरकडील एका मुलाने कोरा कागद परत दिला. विचारले तेव्हा म्हणाला, गुरुजी, आमच्या घरी पुस्तकातली गोष्ट नाही, नुसती गाण्यातली आहे. ती चालते काय? त्या क्षणी आम्हांस आमच्या तीस वर्षांच्या शिक्षकीची लाज वाटली. शाळेने त्या मुलाला वाचावयास शिकविले, लिहावयास शिकविले, आणि त्याचबरोबर, कोणी न सांगता, आपल्या घरचे गाणे म्हणजे गोष्ट नव्हे हेही शिकविले होते. नागपूरच्या त्या कर्मठ पाद्र्याने एका परधानाच्या बाबतीत जे केले ते आम्ही, याच मातीतले, मुलांच्या बाबतीत केले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो गाण्यातली गोष्ट सांगू लागला. आम्ही लिहून घेतली, वर्गाने ऐकली.

हिस्लॉप यांच्या आयुष्याचा हिशेब आता मांडावयाचा झाल्यास आम्ही असा मांडू. जे देण्यासाठी ते आले होते ते नागपूरने फारसे घेतले नाही. जे घेण्यासाठी ते आले नव्हते ते मात्र या भूमीने त्यांना भरभरून दिले. पाषाणांतली पाने दिली, शिलावर्तुळे दिली, लिंगोची गाथा दिली. त्यांचा मोठेपणा यात की, हे दान त्यांनी ओळखले आणि जपले. त्यांची धर्मश्रद्धा आमची नव्हे. गोंडांच्या देवांविषयीचे त्यांचे मतही आम्हांस मान्य नाही. पण ज्याचे मत मान्य नाही त्याचे म्हणणे शब्दशः लिहून घेण्याची त्यांची रीत आम्हांस मान्य आहे, आणि ती प्रत्येक शाळेत यावी असे वाटते. लिंगोच्या कथेतील कासवाने कोंडून सुटलेल्या गोंडांना पुरातून पार नेले. हिस्लॉप यांना टाकळघाटच्या ओढ्यात कोणी पार नेले नाही. परंतु त्यांनी लिहून घेतलेली कथा काळाच्या पुरातून पार आली. ती आता ज्यांची त्यांच्या हाती आहे. आमच्यासारख्या शिक्षकांनी त्यांच्या मुलांना ती सांगू द्यावी, आणि आपण ऐकावयास बसावे.